मूठभर ॲम्प्लिफायर: जोडायचा कसा, वापरायचा कुठे कुठे

माझा घसा बसला तो जुलैमध्ये. चौथीचा वर्ग, वर पत्रा, आणि पत्र्यावर सर आली की पहिल्या बाकावरच्या पोरालाही माझं बोलणं ऐकू जायचं नाही. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बोलू नका. चौथीच्या वर्गाला खुणांनी भागाकार शिकवून बघा एकदा.

मग कमरेला बांधायचा तो छोटा ॲम्प्लिफायर आणला, कानावरून वाकून तोंडापाशी येणारा माईक असलेला. पहिल्या दिवशी एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज पोटातून येतो." चार महिन्यांत तो बंद पडला. उघडून पाहिला तर माईकच्या सॉकेटची एक तार सुटली होती, बाकी सगळं ठणठणीत. डाग दिला, सुरू झाला. पण उघडलाच होता, म्हणून आत काय काय आहे ते बघत बसले. ते बघणं अजून संपलेलं नाही.

या नादात मी तीन बोर्ड जाळले, एक स्पीकर फाडला आणि सेलवर भरपूर पैसे घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी ठरवा, हवा कशाला

फक्त बोलण्यासाठी हवा असेल, म्हणजे वर्ग, भजनी मंडळ, गडावर माहिती सांगणं, तर तयार कमरेचा घ्या. त्यात माईक, बॅटरी, चार्जिंग सगळं बसवून येतं. स्वतः जोडायला गेलात तर तेवढ्याच पैशांत त्याहून वाईट वस्तू तयार होईल. मी करून पाहिलं आहे.

मोबाइलवरची गाणी, तंबोऱ्याचं ॲप, दोन छोटे स्पीकर एवढंच असेल, तर ५ व्होल्टवर चालणारा पीएएम ८४०३ चा तयार बोर्ड घ्या. टपाल तिकिटाएवढा असतो आणि स्वस्त असतो. ४ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ३ वॅट देतो. ५ व्होल्टमधून ४ ओहमवर याहून फार काही निघूच शकत नाही, त्यामुळे तसल्याच बोर्डाच्या खोक्यावर ५० वॅट छापलेलं दिसलं तर हसा आणि पुढे चला.

आणि वस्तू उघडून बघायची खोड असेल, तर एलएम ३८६ हा आठ पायांचा आयसी घेऊन स्वतः जोडा. ६ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरमध्ये याची ताकद जेमतेम पाव-तृतीयांश वॅट. गाणी वाजवायला पडलेला वाटेल. पण हा कानासारखा वापरता येतो, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच्याबद्दलच आहे.

२. सामान

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. गावाकडे असाल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. त्यांच्या खणात यातलं निम्मं पडलेलं असतं आणि चहाच्या बदल्यात मिळतं.

- एलएम ३८६, दोन घ्या. एक जळणार. सोबत आठ पायांचा आयसी बेस, म्हणजे जळालेला आयसी उपटून दुसरा बसवता येतो.
- जीरो पीसीबीचा, म्हणजे सुटे भाग डाग देऊन बसवायच्या भोकांच्या पट्टीचा तुकडा
- १० के चा व्हॉल्यूम कंट्रोल, लॉग प्रकारचा
- कपॅसिटर: २२० मायक्रोफॅरड एक, १०० चा एक, १० चे दोन, १ चा एक (बिनध्रुवी, म्हणजे प्लस-मायनस नसलेला), शिवाय १०४ आणि ४७३ नंबरचे प्रत्येकी एक
- १० ओहमचा एक आणि १ के चे दोन रेझिस्टन्स
- ८ ओहमचा तीन इंची स्पीकर
- चार पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर
- मोबाइलची साडेतीन एमएमची पिन, अर्धा मीटर शील्डेड वायर (आतल्या तारेभोवती जाळी असते ती), दोन छोटे स्विच
- सोल्डरिंग गन, सोल्डर वायर, कटर

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिसायला सुटसुटीत असते, म्हणून सगळे तीच घेतात. घेऊ नका. तिच्यात साठा फार कमी. नुसतं चालू ठेवलं तर टिकते, पण स्पीकरने जरा जोर केला की आवाज फाटायला लागतो आणि तुम्ही दोन तास जोडणीतली चूक शोधत बसता. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट या आयसीला पुरतात. त्याला ४ ते १२ चालतात.

३. जोडणी

आयसी समोर असा धरा की त्याची खाच डाव्या हाताला येईल. खालच्या रांगेत डावीकडून १, २, ३, ४. मग वळून वरच्या रांगेत उजवीकडून ५, ६, ७, ८. घड्याळाच्या उलट्या दिशेने प्रदक्षिणा, एवढं लक्षात ठेवा.

४ नंबरचा पाय सेलच्या मायनसला, म्हणजे अर्थला. २ नंबरही अर्थला. ६ नंबर प्लसला, स्विचमधून. ६ आणि ४ च्या मध्ये १०० मायक्रोफॅरड आणि १०४ दोन्ही लावा, आयसीच्या अगदी अंगाशी. हे दोन वगळले तरी ॲम्प्लिफायर चालतो, म्हणून लोक वगळतात, आणि मग आवाज वाढवला की मोटरबोटीसारखं "भक भक भक" सुरू होतं.

५ नंबरमधून आवाज बाहेर येतो. तिथे २२० मायक्रोफॅरडचा प्लस पाय, त्याच्या मायनसला स्पीकरची एक तार, स्पीकरची दुसरी तार अर्थला. हा कपॅसिटर विसरलात तर स्पीकरमधून थेट करंट वाहतो, पडदा एकीकडे ढकलला जाऊन तिथेच राहतो आणि आयसी तापतो. ५ नंबरहूनच १० ओहम आणि ४७३ एकापुढे एक जोडून अर्थला न्या. ७ नंबरहून १० मायक्रोफॅरड अर्थला.

व्हॉल्यूम कंट्रोलचे तीन पाय. एका कडेला आत येणारा आवाज, १ मायक्रोफॅरडमधून. दुसरी कड अर्थला. मधला पाय आयसीच्या ३ नंबरला. कंट्रोल उलटा वागला, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर आवाज कमी झाला, तर कडेच्या दोन तारा अदलाबदल करा.

राहिले १ आणि ८. मोकळे सोडले तर आवाज २० पट होतो. त्यांच्यात १० मायक्रोफॅरड लावला, प्लस १ कडे, तर २०० पट. मध्ये एक छोटा स्विच घाला. गाण्याला २० पट, कान लावायला २०० पट.

मोबाइलला जोडताना एक चूक हमखास होते. पिनमधल्या डाव्या-उजव्या दोन तारा सरळ पिळून एकत्र केल्या जातात. मोबाइलचे दोन आउटपुट मग एकमेकांशी भांडतात. प्रत्येक तारेत १ के घाला आणि त्या दोघांची टोकं जोडा.

४. पहिली परीक्षा: ओलं बोट

सेल घालण्याआधी प्लस-मायनस पुन्हा बघा. मी पहिला आयसी इथेच घालवला, घाईत होल्डर उलटा जोडून. धूर आला नाही, फक्त आयसी हाताला चटका बसेल इतका तापला आणि गप्प झाला.

व्हॉल्यूम शून्यावर, स्विच चालू. हलकासा "टप्" यायला हवा. आता व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन आत येणाऱ्या तारेला ओलं बोट लावा. "घूंऽऽ" आला की झालं. घरातल्या वायरिंगची वीज तुमच्या अंगात अशीतशी शिरलेली असते, ती हा ऐकवतो. ६ व्होल्टच्या सेलवर आहात तोवर शॉकची भीती नाही.

हाच ॲम्प्लिफायर एकदा गडावर नेला होता. तिथे बोट लावलं तर काहीच नाही. क्षणभर वाटलं, वाटेत तुटला. मग आठवलं, इथे वीजच नाही.

घूं ऐवजी काहीच नसेल, तर आयसी उलटा बसलाय का, ५ नंबरचा कपॅसिटर उलटा लागलाय का आणि व्हॉल्यूमचा अर्थ सुटलाय का, याच क्रमाने बघा. बोट न लावताच घूं येत असेल तर शील्डेड वायरची जाळी अर्थला जोडायची राहिली आहे.

५. स्पीकरला घर द्या

टेबलावर उघडा ठेवलेला स्पीकर चिरका वाजतो. नवखे म्हणतात आयसी खराब. आयसीचा दोष नसतो. स्पीकरच्या पुढून आणि मागून निघणारा आवाज उलटसुलट असतो आणि मोकळ्या हवेत खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा, स्पीकर वाजत असतानाच त्यामागे धरा. आवाज अंगाने भरतो, तो ऐकून घ्या. मग लाकडी खोकं शोधा. मी मिठाईचं जुनं लाकडी खोकं वापरलं. पत्र्याचा बिस्किटाचा डबा दिसायला छान, पण स्वतःच खणखणतो.

पीएएम ८४०३ वापरत असाल तर इथे तीन गोष्टी. ५.५ व्होल्टच्या वर एक क्षणही नको, माझा एक बोर्ड राउटरच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर गेला. दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा एकत्र करायच्या नाहीत, अर्थलाही लावायच्या नाहीत. याच्या चारही तारा जिवंत असतात. माझा दुसरा बोर्ड यात गेला. (तिसऱ्यावर चहा सांडला. त्यात शिकण्यासारखं काही नाही.) आणि पॉवर बँकवर लावला की थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, कारण हा इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकला वाटतं काही जोडलेलंच नाही. त्यापेक्षा साधा चार्जर बरा. पण त्याच चार्जरवर मोबाइलही लावाल तर बारीक किणकिण ऐकू येईल. मोबाइल त्याच्या बॅटरीवर राहू द्या.

६. बोलण्यासाठी वापरताना

सगळ्यांची एकच तक्रार: माईक शिट्टी मारतो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, परत शिरतो. इलाज आवाज कमी करण्यात नाही, माईक तोंडाजवळ आणण्यात आहे. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माईकपाशी दुप्पट पोचतो, आणि मग व्हॉल्यूम आपसूक खाली आणता येतो. ओठांच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटांवर. अगदी समोर नको, नाहीतर प आणि फ फुटतात. स्पीकर कमरेला पुढे किंवा बाजूला, आणि भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहायचं नाही.

खरी अडचण सवयीची असते. माईक लावूनही आपण ओरडतच बोलतो. मला महिना लागला.

भजनाला किंवा सोसायटीच्या कार्यक्रमाला नेत असाल तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायचा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत यंत्राच्या आकाराला सूट नाही. आणि गडावर गाणी लावायची नाहीत. हे नियमात आहे की नाही ते राहू द्या, मी सांगते म्हणून.

७. रियाजाला

तंबोऱ्याचं ॲप मोबाइलच्या स्पीकरवर लावलं की खर्जाची तार जवळपास नाहीशी होते, उरते ती नुसती झणझण. खोक्यातला तीन इंची स्पीकर खर्ज पूर्ण देत नाही, पण आहे एवढं कळतं, आणि सूर लावायला तेवढं पुरतं. आवाज स्वतःच्या गळ्याहून खाली ठेवा. खोकं समोर न ठेवता थोडं मागे, उजव्या किंवा डाव्या खांद्याशी ठेवून बघा, खरा तंबोरा जिथे असतो तिथे.

गिटार थेट लावता येते, पण १० के चा कंट्रोल तिच्या पिकअपला दाबून टाकतो आणि आवाज मिटमिटा येतो. मध्ये एक एफईटीचा (हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) छोटा बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकणारा टप्पा, घातला की खुलतो. २०० पटीवर टाकलं की फाटका आवाज येतो, आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला नेमका तोच हवा होता.

८. उजेड ऐका

हा माझा लाडका प्रकार. बागेतल्या सोलर दिव्याचा किंवा खेळण्यातला छोटा सोलर तुकडा घ्या, त्याच्या दोन तारा ॲम्प्लिफायरच्या आत येणाऱ्या तारेला आणि अर्थला लावा. २०० पट. आता तो तुकडा ट्यूबलाइटकडे धरा.

जुन्या चोकच्या ट्यूबमधून "ऊंऽऽ" असा घट्ट सूर येतो. वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, प्रत्येक हेलकाव्यात दिवा दोनदा उजळतो, म्हणून १०० हर्ट्झ. पेटीवर लावून पाहिलं: खर्जातल्या पांढरी पाचच्या केसभर वर. चांगल्या एलईडी बल्बमधून जवळजवळ शांतता. स्वस्तातल्या बल्बमधून तोच सूर जोरात, आणि दिव्याखाली वाचताना डोळे का दुखतात याचा थोडा अंदाज येतो. दिवाळीच्या काही माळा प्रत्येक हेलकाव्याला एकदाच पेटतात. त्यांचा सूर बरोबर एक सप्तक खाली. ट्यूब आणि माळ एकदम लावा, दोन्ही सूर एकमेकांत चपखल बसतात.

टीव्हीचा रिमोट दाबा, "टर्र-टर्र-टर्र". डोळ्यांना न दिसणारा उजेड सोलर तुकड्याला दिसतो. उन्हात धरलात तर काहीच नाही, सूर्य लुकलुकत नाही. मग उन्हात मध्ये बोटं हलवा, फणी फिरवा, फणीचे दात मोजता येतील इतकं स्वच्छ ऐकू येतं. समईच्या ज्योतीची हलकी फडफडही येते, पण त्यासाठी बाकी दिवे बंद करा.

उजेडावरून आवाज नेण्याचा प्रयोग ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये केला होता. माझ्या चौथीच्या पोरांनी तो आरसा, प्लास्टिकचा पेला आणि फुगा घेऊन केला: पेल्याचं बूड कापायचं, एका तोंडावर फुगा ताणून बसवायचा, फुग्यावर आरशाचा तुकडा चिकटवायचा, ऊन त्यावरून सोलर तुकड्यावर पाडायचं आणि पेल्यात बोलायचं. तिसऱ्या तासाला "हॅलो बाई" असं काहीतरी ऐकू आलं. हॅलो होतं की हालव, यावर अजून वाद आहे.

९. चकती चिकटवा

पिझो चकती, म्हणजे पितळी तबकडीवर पांढरा गोल, बझरमध्ये असते ती. सुटी मिळते. दोन तारा तशाच जोडायच्या. ती हवेतला आवाज फारसा ऐकत नाही, ज्याला चिकटेल त्याची थरथर ऐकते. घड्याळाच्या पाठीला लावा, घोडा धावल्यासारखं वाजेल. गॅलरीच्या लोखंडी गजाला लावा आणि दूरच्या टोकाला कुणाला तरी नखाने खाजवायला सांगा.

कामाचा उपयोग असा. आमच्या मोरीजवळ भिंत ओली होत होती आणि प्लंबर सगळी फरशी फोडायला निघाला होता. रात्री मोटर बंद, घर शांत, कापडाच्या बोळ्याने दाबून चकती फरशीवर ठेवत ठेवत गेले. एका जागी "सूंऽऽ" असा सतत आवाज, दोन फरशा पलीकडे तो विरला. दुसऱ्या दिवशी तेवढीच फोडली. जुना लोखंडी पाइप होता म्हणून जमलं. प्लास्टिकचा पाइप आवाज गिळतो, तिथे इतकी खात्री धरू नका.

२०० पटीवर असताना कानात हेडफोन घालू नका. तार हलली, चकती पडली, की कानात धाडकन आवाज बसतो. घालायचेच असतील तर मध्ये १०० ओहम घाला आणि व्हॉल्यूम तळाशी ठेवून सुरू करा.

१०. बंद पडलेला रेडिओ

फक्त सेलवर चालणारा रेडिओ घ्या. भिंतीतल्या विजेवर चालणारा सेट, टीव्ही, चार्जर, व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून त्यात तार खुपसायची नाही. त्यातल्या काहींचं अख्खं चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, विजेवर असतं.

आत येणाऱ्या तारेच्या टोकाला सुई लावा, मध्ये १०४ कपॅसिटर. ॲम्प्लिफायरचा अर्थ रेडिओच्या अर्थला. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये अर्थ सेलच्या प्लसला असतो, गोंधळू नका, तुमचे सेल वेगळे आहेत म्हणून फरक पडत नाही.

रेडिओ मध्यमलहरीवर लावा. पुण्याच्या आसपास असाल तर काटा ७९२ वर. आता सुई रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या कडेच्या, अर्थ नसलेल्या पायाला टेकवा. तुमच्या स्पीकरमधून बातम्या आल्या तर रेडिओचा पुढचा अर्धा भाग ठीक, बिघाड मागच्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये. नाही आल्या तर बिघाड अलीकडे. उरलेल्या भागाच्या पुन्हा मध्यावर जा. डिटेक्टरच्या, म्हणजे रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाच्या, अलीकडे नुसत्या सुईला काही ऐकू येत नाही, तिथे सुईमागे ओए ७९ सारखा जर्मेनियम डायोड घालावा लागतो.

माझ्या सासऱ्यांचा रेडिओ असाच तपासला. कंट्रोलच्या कडेच्या पायावर आवाज होता, मधल्या पायावर नव्हता. पंधरा वर्षं माळ्यावर पडलेला तो सेट, आणि दोष व्हॉल्यूम कंट्रोलमधल्या धुळीचा. स्प्रे मारला, वीसेक वेळा फिरवला, खरखर करत बोलायला लागला. सासरे म्हणाले, "पूर्वीही खरखरच करायचा."

११. ठेवताना

सुट्टीवर जाताना सेल काढून ठेवा. मे महिन्यात विसरले, जूनमध्ये होल्डरच्या स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं, मग कोरडं केलं, तरी एक स्प्रिंग बदलावी लागली. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका, औषधांच्या बाटलीतून निघते ती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आयसीचे आठ पाय कुठे जातात ते पेनने लिहून ठेवा.